खालच्या खोलीतलं खारं पाणी

ही गोष्ट खरी आहे. कुणाला खोटी वाटली तर माझी काही हरकत नाही. खोटी असती तर आमच्या घरात सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असता.

घडलं ते माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत, त्यांच्या व्याह्यांच्या घरी. रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. कुत्री रडत नव्हती. उन्हाळ्यातला रविवार होता, जेवणं आटोपली होती, घरातले सगळे पंख्याखाली आडवे झाले होते. अशा टळटळीत दुपारी मामा खालच्या खोलीत गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचा उजवा हात कोपराच्याही वर पाण्यात होता.

कोमट, खाऱ्या पाण्यात.

आणि त्या पाण्यात त्यांच्या हाताला जे लागलं...

ते त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मामी भरल्या ताटावरून उठून गेली. तुम्ही काही खात असाल तर आधी खाऊन घ्या. मग वाचा.

मामांचा धंदा माशांच्या टाक्या बसवण्याचा. मासे ते विकत नाहीत. दवाखाने, हॉटेलं, मोठ्या लोकांचे दिवाणखाने, जिथे जिथे भिंतभर काच लावून मासे पाळायची हौस असते, तिथलं पाइपांचं आणि पंपाचं काम त्यांचं. नातेवाईक त्यांना पाइपमामा म्हणतात. ते स्वतः म्हणतात, "मी माशांचा गटारवाला."

माणूस असा, की किळस कशाशी खातात हेच त्यांना ठाऊक नाही. सडलेला मासा बोटांनी उचलतील, हात पँटला पुसतील आणि त्याच हाताने डबा उघडतील. मामी करवादली की म्हणायचे, "किळस ही रिकाम्या माणसाची हौस. हातावर पोट असणाऱ्याला ती परवडत नाही."

त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण. घरात तिला सगळे बबडी म्हणतात. तिचं लग्न वकिलांच्या घरात झालं. सासरे वकील, नवराही वकील, तो दिवसभर कोर्टात. घर उतारावरचं. रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर एकमजली. पण दिवाणखान्याच्या बरोबर खाली, मागच्या अंगाने उघडणारी एक खोली. अर्धी जमिनीत गेलेली. तिला सगळे नुसतं ‘खालची खोली’ म्हणायचे.

लग्नानंतर वर्षभरात वकीलसाहेबांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, मनात आलं, की दिवाणखान्यात समुद्री माशांची टाकी हवी. तिथे त्यांचे अशील बसतात.

"पण आवाज अजिबात नको," त्यांनी मामांना फोनवर सांगितलं. "आमच्या त्या डॉक्टर मित्राकडे टाकी आहे. सारखी खळखळ. दर पंधरा मिनिटांनी माणूस उठून बाथरूमला जातो. माझे अशील आधीच घाबरलेले असतात."

व्याह्यांचं काम म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. नाही म्हणता येईना. मामा गेले.

उपाय सोपा होता. टाकी दिवाणखान्यात ठेवायची आणि तिची सगळी आवाज करणारी यंत्रं खालच्या खोलीत न्यायची. जमिनीला भोकं पाडून पाइप खाली सोडायचे. खाली काचेची दुसरी एक लांबट टाकी. धंद्यात तिला सम्प म्हणतात. (मामी म्हणते, "तुमचा तो संप एकदाचा मिटू दे.") वरच्या टाकीतलं वरचं पाणी आपल्या वजनाने पाइपातून खाली येतं. सम्पमध्ये एक कापडी पिशवी त्यातला कचरा धरते. एक यंत्र पाण्यातली घाण फेसात ओढून वरच्या वाटीत जमा करतं. हीटर पाणी कोमट ठेवतो. आणि शेवटच्या कप्प्यातला पंप तेच पाणी दुसऱ्या पाइपाने परत वर चढवतो.

तेच पाणी. वर, खाली, वर, खाली. बाहेरचं काही आपण होऊन आत येत नाही.

एवढं लक्षात ठेवा.

खालची खोली म्हटल्यावर विहीणबाईंचा हात ओट्यावर थांबला.

"खालीच कशाला?" त्या म्हणाल्या. "गच्चीच्या जिन्याखाली जागा आहे की."

"जिन्याखाली घुमेल आवाज," वकीलसाहेब म्हणाले. "आणि खोली नाहीतरी रिकामीच पडली आहे."

विहीणबाई ओटा पुसत राहिल्या. किल्ली मात्र त्यांनी स्वतः आणून दिली नाही. बबडीला आणायला सांगितली.

खोली स्वच्छ होती. जरा जास्तच स्वच्छ. फिनेल इतकं मारलेलं की डोळे चुरचुरावेत. एका कोपऱ्यात फरशीवर मोठा गोल वळ उमटलेला होता. काहीतरी जड, रुंद भांडं वर्षानुवर्षं तिथे ठेवलेलं असावं तसं. वळाच्या कडेने पांढरा खार धरला होता.

मामांनी विचारलं, "इथे काय होतं?"

"जुनं सामान," वकीलसाहेब म्हणाले.

खोलीतला प्लगही नेमका त्याच कोपऱ्यात होता. मामांनी सम्प त्या वळावरच बसवला.

काम झकास झालं. वर चिडीचूप. पाणी माशांजोगं तयार झालं, मासे आले. नारिंगी पट्ट्यांचे, एक पिवळाधम्मक, दोन निळे. अशील बघत बसायचे. वकीलसाहेबांनी चारचौघांत व्याह्यांचं कौतुक केलं. मामांनी ते घरी येऊन मामीला दोनदा ऐकवलं.

मग बबडीचा फोन आला.

"बाबा, पाणी कमीच होत नाही."

आता समुद्री टाकीतलं पाणी रोज थोडं आटतं. हवेत उडतं. रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं. मामांनी ते काम बबडीलाच शिकवलं होतं. सम्पवर काळ्या पट्टीची खूण करून दिली होती. पाणी खुणेच्या खाली गेलं की तेवढं भरायचं.

"भरतेस ना?"

"भरावं लागतच नाही. पट्टीच्या वरच असतं. कधी कधी तर वीतभर वर."

"कुणीतरी ओतत असेल. सासऱ्यांना विचार."

"इथे माझ्याशिवाय कुणी उतरत नाही बाबा."

मामांनी ते मनावर घेतलं नाही.

पुढचा फोन खुद्द वकीलसाहेबांचा. ते खुशीत होते.

"अहो, तुमचे मासे काय तब्येत धरतायत. बघत राहावं असे टरटरलेत. आणि गंमत म्हणजे आम्ही मधे गावाला गेलो होतो. इतके दिवस कुणी खाणंच टाकलं नाही."

मामा दुसऱ्याच दिवशी गेले.

मासे खरंच फुगले होते. पोटं तट्ट. पण मामांची नजर दुसरीकडे गेली. टाकीच्या कोपऱ्यात, जिथे खालून आलेलं पाणी पाइपातून टाकीत पडतं... तिथे सगळे मासे जमले होते. एकमेकांना ढकलत होते. पाइपाच्या तोंडाला तोंड लावून. तोंडं उघडत, मिटत, उघडत.

काहीतरी खात होते.

मामांनी डोळे बारीक केले. पाइपातून पांढुरके, पातळ कण येत होते. भिजलेल्या कागदाचे कपटे असावेत तसे.

आणि पाण्यावर तवंग होता. रंगीत. रात्रभर तसंच राहिलेल्या आंघोळीच्या पाण्यावर असतो तसा.

मामा खाली उतरले.

पहिल्यांदा कापडी पिशवी काढली. त्यात माशांची विष्ठा असते, उरलंसुरलं खाणं असतं. मामांना त्याचं काही नाही. त्यांनी पिशवी उलटी केली.

तळहातावर थबकन् एक गोळा पडला.

बुळबुळीत. पांढरट. त्यांनी तो अंगठ्याने पसरला. पापुद्रे होते. पाण्यात फार वेळ बसलं की बोटांची कातडी फुगते, सुरकुतते, नखाने ओढली तर निघते. तसले पापुद्रे. मोठाले. काहींना दुसऱ्या बाजूने खपली होती. मधे मधे लांब पांढरे केस, एकमेकांत गुंतलेले. सगळं एका मेणचट चिकट्याने धरलेलं.

मग फेसाची वाटी. तिच्यात एरवी काळपट पाणी जमतं, नाक मुरडावं असं घाणेरडं. यावेळी ती सायीसारख्या जाड पांढऱ्या थराने काठोकाठ भरली होती. वास समुद्राचा नव्हता. माशांचाही नव्हता.

वास माणसाचा होता.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पांघरूण बाजूला केलं की जी वाफ येते, तो. त्यात मलमाचा आंबूस वास.

मामांनी हात धुतले. साबण लावून परत धुतले. त्या दिवशी बरोबर नेलेला डबा त्यांनी तसाच परत आणला. मामीने झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, "बरं नाही का?"

"कुणीतरी त्या सम्पमध्ये पाय धुतंय," मामा म्हणाले.

"वकिलाच्या घरात?"

"मग काय धुतात ते देव जाणे."

पण हे व्याह्यांना विचारायचं कसं? तुमच्या घरातलं कोण माशांच्या पाण्यात अंग धुतं, असं? मुलीचं सासर. मामांनी गोष्ट गिळली आणि सरळ कामाला लागले. सगळं पाणी बदललं. सम्प घासला. पाइप जागोजागी कापून बघितले.

खाली येणाऱ्या पाइपात थोडा चिकटा होता. तो समजण्यासारखा.

वर जाणाऱ्या पाइपाला आतून बोटभर जाड थर होता. मऊ, गुलाबीसर. मामांनी स्क्रू ड्रायव्हरने तो खरवडला तेव्हा तो लोण्यासारखा गुंडाळत आला.

त्यांना पहिली ओकारी आली ती तेव्हा. आयुष्यातली पहिली, धंद्यापायी आलेली.

नवे पाइप टाकले. पाणी नितळ झालं. मामा निर्धास्त झाले. आठवडाही गेला नसेल... बबडीचा निरोप आला. "पाणी परत गढूळ झालंय. रविवारी जेवायलाच या. सासूबाईंनी बोलावलंय."

तर तो रविवार.

जेवणं झाली. वकीलसाहेब आत जाऊन लवंडले, जावईही झोपला. विहीणबाई स्वयंपाकघरात झाकपाक करत होत्या. बबडी कुठे दिसली नाही. मामा एकटेच मागच्या पायऱ्या उतरले. खालच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत गार होतं. पंपाची बारीक गुणगुण. वरून उतरणाऱ्या पाण्याची एकसारखी सळसळ.

मामा गुडघ्यांवर बसले. सम्पमधलं पाणी दुधाच्या धुवणासारखं झालं होतं, तळ दिसत नव्हता. पंप काढून बघावा म्हणून त्यांनी बाही सारली आणि शेवटच्या कप्प्यात हात घातला.

तेवढ्यात पाणी चढलं.

हळूहळू. काळ्या पट्टीच्या वर... मग बोटभर वर... मग वीतभर. भरल्या टबात कुणीतरी सावकाश बसावं आणि पाणी कडेला यावं, तसं. मामांना पहिला विचार धंद्याचाच आला. पंप बंद पडला, पाइपातलं पाणी उलटं उतरलं. पण पंप चालू होता. त्याची थरथर त्यांच्या बोटांना लागत होती.

आणि मग बोटांना पंप लागेनासा झाला.

पंपाच्या जागी दुसरं काहीतरी होतं.

मऊ. गरम. पाण्यापेक्षा गरम. त्यावर खरखरीत खवले, मधेच गिळगिळीत, सोलल्यासारखं. मामांचा तळहात त्यावर सपाट टेकला होता. त्यांना हात काढता येईना. कुणी धरला नव्हता. नुसता काढता येईना. बोटं आपोआप चाचपत खाली सरकली. एक टणक उंचवटा. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा. सरळ रेषेत.

मणके.

ती पाठ होती.

मामांनी सांगितलं, "हललीच नसती तर मी म्हटलं असतं, भास झाला."

पण ती हलली. हाताखाली ती पाठ किंचित मागे रेलली. तळहातात घुसली. खाज सुटलेली जागा कुणीतरी बरोबर धरावी आणि माणूस सुखावून अंग पुढे करेल ना... अगदी तशी. वर, खाली. वर, खाली. प्रत्येक घासण्याबरोबर पापुद्रे सुटून मामांच्या मनगटाला चिकटत होते.

आणि पाण्याच्या आतून एक आवाज आला. बुडबुडा फुटल्यासारखा.

समाधानाचा सुस्कारा.

मामांनी हात उपसला. कसा, ते त्यांना आठवत नाही. पायऱ्या चढून ते मोरीत पोचले आणि जेवलेलं सगळं बाहेर पडलं. पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात. हाताला तो मेणचट थर तसाच होता. साबण लावला की तो पसरायचा, निघायचा नाही.

मागे कुणीतरी उभं राहिलं. टॉवेल पुढे झाला.

बबडी होती.

तिने वडिलांकडे बघितलं. त्यांच्या हाताकडे बघितलं. आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"पाठ होती ना?"

मामा हात नळाखाली धरून चोळत राहिले.

"थंड पाण्याने नाही निघणार ते," ती म्हणाली. "आधी तेल लावा, मग साबण."

"तुला... कसं माहीत?"

"रोज जाते ना मी दुपारी."

"कशाला?"

"त्यांचा हात पोचत नाही पाठीला." ती टॉवेलची घडी घालत होती. "पहिल्यांदा मलाही घाण वाटली होती बाबा. दोन दिवस जेवले नाही. पण कुणी इतकं अवघडून बसलेलं बघवत नाही हो. मऊ फडक्याने पुसलं की शांत होतात. मग पाणीपण उतरतं."

"कुणाचा हात? कोण आहे ते?"

बबडी थबकली. हा प्रश्न तिला कधी सुचलाच नव्हता, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली.

मामांनी तिचे हात हातात घेतले. तळवे पांढरेफटक होते. सुरकुतलेले. बोटांच्या पेरांवरची कातडी सुटायला लागली होती. आणि लेकीच्या अंगाला... तोच वास होता. मलमाचा, आंबूस.

त्यानंतर व्याही-बिही मामांनी काही बघितलं नाही. वकीलसाहेबांना झोपेतून उठवलं.

"खालच्या खोलीत कोण राहत होतं?"

"कोण राहणार? जुनं सामान होतं."

"वकीलसाहेब, मी आत्ता त्या सामानाच्या पाठीवरून हात फिरवून आलोय."

वकीलसाहेब हसले. अशिलासमोर हसावं तसं. "ऊन लागलंय तुम्हाला. लिंबूपाणी घ्या."

"आत्याबाई राहत होत्या," दारातून विहीणबाई म्हणाल्या.

त्या हातातलं फडकं घेऊन तशाच आल्या होत्या. नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. त्या त्याच्याकडे न बघता मामांशीच बोलल्या.

वकीलसाहेबांची आत्या. लग्न झालं नव्हतं. अंगभर कातडीचा आजार. अंगाला कपडा लागला तरी आग व्हायची. डॉक्टरांनी कोमट मिठाच्या पाण्याच्या टबात बसायला सांगितलं. त्यात तिला बरं वाटायचं. आधी तासभर बसायची. मग दुपारभर. शेवटची काही वर्षं ती त्या टबातून फक्त झोपण्यापुरती बाहेर यायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू नये म्हणून खोली खालची.

"बाया ठेवून बघितल्या. एक टिकली नाही," विहीणबाई म्हणाल्या. "मग मीच. रोज दुपारी. सगळे झोपले की. पाठ पुसायची, पाणी बदलायचं, गाळ काढायचा. त्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. म्हणायच्या, सून म्हणजे सून."

"किती वर्षं?" मामांनी विचारलं.

"मोजली असती तर वेड लागलं असतं." त्या थांबल्या. "भाऊ, एक दिवस असा गेला नाही की मला शिसारी आली नाही. पण तोंडावर दिसू दिली नाही. त्या गेल्या ना, तेव्हा मी आठवडाभर नुसते हात धूत होते. त्या खोलीचं फिनेलसुद्धा मोलकरणीच्या हातून मारून घ्यायची. आणि तुम्ही नेमकं तिथेच कोमट मिठाचं पाणी ठेवलंत."



मग विहीणबाईंनी बबडीकडे बघितलं. तिच्या हातांकडे.

"हिला लावलं का आता कामाला," त्या पुटपुटल्या. "माझी सून लागली का त्यांना."

टाकी त्याच दिवशी उतरवली. मासे बादल्यांतून मामांच्या ओळखीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, तब्येत छान आहे. पण त्याने टाकलेलं खाणं त्यांनी तोंडात धरलं नाही. एकेक करत सगळे गेले. सम्प मामांनी मागच्या अंगणात आणून फोडला. पाइप काढले, जमिनीतली भोकं सिमेंटने बुजवली. बबडीला ते घरी घेऊन आले. माहेरी आल्यावर तिचे हात हळूहळू सुधारले. मात्र दुपार झाली की ती अस्वस्थ व्हायची. उगाच उठायची. फडकं भिजवायची, पिळायची. कुठे ठेवू असं बघत राहायची.

मामीने ते फडकं जाळलं. बबडीने दुसरं घेतलं.

इकडे वकिलांच्या घरी...

सम्प गेला म्हणून काही संपलं नाही. आंघोळीला काढलेल्या बादलीवर तवंग यायला लागला. मग भिजत घातलेल्या कपड्यांवर. एके दिवशी वकीलसाहेबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि जिभेला काहीतरी चिकटलं. त्यांनी ते बोटाने ओढून काढलं. लांब. पांढरं. घशातून ओढत आलं.

त्यानंतर ते कुणालाही ऊन लागलंय असं म्हणाले नाहीत.

विहीणबाई मामांकडे स्वतः आल्या. एकट्या. चहा घेतला नाही.

"भाऊ, मला एक टब आणून द्या. मोठा. माणूस बसेल एवढा. आणि एक हीटर."

"कशाला?" मामांनी विचारलं खरं. त्यांना कळलं होतं.

"पंप नको, पाइप नको. पाणी मी हाताने भरेन, हाताने काढेन. त्यांना त्यांची जागा देते. म्हणजे त्या घरभर हिंडणार नाहीत." मग म्हणाल्या, "आणि पोरीला पाठवून द्या. तिला मी त्या दाराजवळ फिरकू देणार नाही. माझ्या शब्दावर."

मामांनी टब नेऊन दिला. त्याच कोपऱ्यात, त्याच गोल वळावर ठेवला. तो बरोब्बर बसला.

घरातलं पाणी स्वच्छ झालं. बबडी सासरी गेली. दुपारचं फडकं सुटलं. ती हसायला-बोलायला लागली, तिला मुलगी झाली. मामांनी धंदा सोडला नाही, पण पाण्यात हात घालायचा झाला की आता खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे घालतात. आणि सुट्टीच्या दिवशीही दुपारचं जेवण टाळतात.

मी स्वतः तिथे एकदाच गेले आहे. बबडीच्या बाळाला बघायला. जेवणानंतर सगळे लवंडले. मला पाणी हवं होतं म्हणून मी मागे गेले. खालच्या पायऱ्यांवरून बोलण्याचा आवाज येत होता. विहीणबाईंचा. दमलेला, पण मऊ.

"जरा पुढे वाका. अजून. हं... झालं, झालं."

आणि पाणी हलल्याचा आवाज.

मी तिथेच थांबले. थोड्या वेळाने त्या वर आल्या. एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी. दुसऱ्या हातात झाकण लावलेली बादली. त्या मागच्या गटाराकडे गेल्या, बादली रिकामी केली, विसळली, परत विसळली. तो पांढरा लगदा जाळीवर अडकला होता. तो त्यांनी काडीने आत ढकलला. तोंडावर काही नव्हतं. ना किळस, ना कंटाळा.

मला बघून म्हणाल्या, "चहा टाकू?"

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणायचं? कपाच्या कानावर त्यांची ओली, पांढरी पडलेली बोटं होती. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

हे सगळं आज का लिहिते आहे, तर...

विहीणबाईंचे गुडघे गेले आहेत. दोन्ही. पायऱ्या उतरताना त्या एकदा पडल्या. आता ऑपरेशन ठरलंय, त्यानंतर कितीतरी दिवस अंथरुणात. मामांनी बातमी कळताच बबडीला फोन लावला. म्हणाले, उद्याच्या उद्या बाळाला घेऊन इकडे निघून ये. विहीणबाईंनीही तिला तेच सांगितलंय. नवराही हो म्हणालाय.

मी मामांच्या शेजारीच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

बबडीने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, घाबरली नाही. बाळाला मांडीवर थोपटत असावी, तसा बारीक आवाज येत होता.

मग ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली,

"बाबा, मी आले तर दुपारी त्यांच्याकडे कोण बघणार?"